पाहायची करवंटी, ठेवायची करवंटी

गिरजाबाईंचा राग सगळ्या गावाला तोंडपाठ होता. सावली या तालुक्याच्या ठिकाणाहून वैनगंगेकडं उतरत गेलं की धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये, एक गाव लागतं, तिथल्या अंगणवाडीच्या त्या सेविका. ग्रामपंचायतीत कुणी नुसतं "गिरजाबाई येऊन राह्यल्या" म्हटलं, तरी चहाचे कप भराभर रिकामे होत आणि ज्याला त्याला घरचं काम आठवे. अंगणवाडीचं छप्पर गळायला लागलं, सांगून सांगून बाईंची जीभ झिजली, कुणी हललं नाही. तेव्हा बाईंनी सगळी पोरं उचलून ग्रामपंचायतीच्या पडवीत आणून बसवली आणि आत सभा चालू असताना त्यांच्याकडून बेंबीच्या देठापासून बडबडगीतं म्हणवून घेतली. छप्पर त्याच आठवड्यात दुरुस्त झालं.

पोरांना मात्र हा राग ठाऊकच नव्हता. बाईंनी तो मोठ्या माणसांसाठी राखून ठेवलेला होता आणि मोठी माणसंही तो वाया जाऊ देत नसत, रोज काही ना काही कारण पुरवत. पोरांनी खिचडी सांडली, चड्डी ओली केली, बाईंच्या चष्म्याला चिखल फासला, तरी बाई हसत. मदतनीस गुणाबाई म्हणत, "गिरजाबाई, लेकरायचा थोडासा राग करत जा, अन् आमचा थोडा कमी." गिरजाबाईंना हे जमण्यातलं नव्हतं.

राग आला कुठून हे सांगायचं तर पार लहानपणात जावं लागतं. गिरजाबाईंच्या आजोबांनी चांद्याला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. घरातले देव गेले, मान ताठ झाली, पण पोटापाण्याची बांधी मालकाचीच राहिली. आई रोवणीला जायची. धानाचं रोप चिखलात लावत मागं मागं सरकत जाणं, सकाळपासून दिवस बुडेपर्यंत कमरेतून वाकून. आईचा हात गावात सगळ्यात चपळ. मालक स्वतः दारात येऊन तिला बोलावून न्यायचा.

एका वर्षी लहानगी गिरजा आईच्या मागं मालकाच्या अंगणात गेली. ओसरीवर मोठी टोपली होती, वरून ओलं पोतं झाकलेलं. भिजवलेलं धान मोड यायला ठेवलं होतं. पोरीनं काय आहे बघायला पोत्याखाली हात घातला. आत गरम होतं. ओलं, खरखरीत आणि तापलेलं. आत काहीतरी जिवंत आहे असं वाटून ती खुदकन हसली, आणि तेवढ्यात मालकीण किंचाळली. बी बाटलं! सगळी टोपली तिनं गड्याकरवी नाल्यात ओतायला लावली. आईला नको ते बोलली. आईनं मान खाली घालून ऐकून घेतलं. आणि पुढच्याच महिन्यात त्याच मालकाच्या त्याच बांध्यांत आई कमरेत वाकून रोप लावत होती.

"आई, बी बाटते अन् रोप काऊन नाई बाटत?" पोरीनं विचारलं.

आई रोप लावत मागं सरकत राहिली. उत्तर नव्हतंच. ते आज इतक्या वर्षांनीही कुणाजवळ नाही आणि गिरजाबाई ते अजून मागतच आहेत. सांगा ना कुणीतरी. ज्या हातानं लावलेलं पीक घरात येतं, शिजतं, देवाच्या नैवेद्याला चालतं, त्या हाताचा बियाण्याला विटाळ कसा होतो? हा प्रश्न पोटात घेऊनच त्या शिकल्या, लग्न होऊन या गावी आल्या, अंगणवाडीत लागल्या. नवरा देवराव गोगलगाय. त्यानं आणि बाईंनी पोटाला चिमटा काढून कालव्याच्या कडेला थोडी शेती केली. पहिलं धान घरच्या ढोलीत, म्हणजे बांबूच्या कणगीत, पडलं त्या दिवशी बाईंनी उगाचच दोन्ही हात कोपरापर्यंत त्यात खुपसून ठेवले होते. देवरावला वाटलं अंगठी पडली.

तर अंगणवाडीतलं बियाण्याचं शिकवणं हे असं सुरू झालं. भिंतीवर सरकारकडून आलेला रंगीत तक्ता होता. त्यात बी, मोड, रोप, झाड ओळीनं काढलेलं. बाईंनी तो काढला नाही, पण त्याच्याकडं बोटही दाखवलं नाही. दर जूनमध्ये त्या घरून टोपली आणायच्या. भिजवलेलं धान, वरून पळसाची पानं, वरून ओलं पोतं. मोड फुटायला लागले की सगळ्या पोरांना रांगेत उभं करायचं आणि एकेकाला पोत्याखाली हात घालायला लावायचा.

"गरम हाय!" पोरगं ओरडायचं.

"काऊन गरम हाय?"

"ताप आला त्याले!"

"ताप नाई बाप्पा. जीव आला त्याले."

मग करवंट्या. मारुतीच्या देवळात फुटणाऱ्या नारळांच्या करवंट्या गुणाबाई वर्षभर गोळा करून ठेवत. प्रत्येक पोराला दोन मिळायच्या. दोन्हींत माती भरायची, दोन्हींत धान पेरायचं, पण एक पाहायची आणि एक ठेवायची. पाहायच्या करवंटीतलं बी रोज उकरून पाहायला मुभा. मूळ कुठून निघालं, कोंब कुठून, तोडून पाहा, चावून पाहा, मेलं तर मेलं. ठेवायच्या करवंटीला मात्र पाणी घालण्यापलीकडं हात लावायचा नाही, आणि दुसऱ्याच्या करवंटीला तर मुळीच नाही. पहिल्या वर्षांत पोरं सगळंच उकरून ठेवायची आणि बियाणं उगवायचंच नाही, तेव्हा बाईंना ही युक्ती सुचली. उपटल्याशिवाय लेकराला कळणार नाही आणि उपटलं तर वाढणार नाही. दोन्ही पाहिजे असेल तर करवंट्याच दोन पाहिजेत.

आणि शेवटी रोवणी. ठेवायच्या करवंटीतलं रोप वीतभर झालं की पोरं ते अंगणवाडीला लागून असलेल्या वामनरावांच्या बांधीत नेऊन लावायची. वामनराव गावातले मोठे शेतकरी. दरवर्षी बांधीचा एक कोपरा ते पोरांसाठी सोडत, वरून पोरांना बिस्किटं वाटत. माणूस वाईट नव्हता, हे गिरजाबाईही मान्य करत. वाईट नसलेल्या माणसांवरच त्यांना जास्त रागवावं लागे, ही गोष्ट वेगळी.

त्या वर्षी अंगणवाडीत सोमारीची मयुरी आली होती. सोमारी ही रोवणीच्या बायांतली एक. बापाकडची जमीन नाही, सासरची नाही, गावकुसाला एक खोली आणि राशनचं कार्ड. तिचा नवरा वामनरावांचा ट्रॅक्टर चालवायचा. दोन वर्षांमागं चिखलणी करताना ट्रॅक्टर बांधावरून उलटला आणि तो खाली सापडून गेला. ट्रॅक्टर जुना, बांध खचलेला, हे सगळ्या गावाला दिसत होतं. पण गावाला दिसणं वेगळं आणि गावानं बोलणं वेगळं. त्या दिवशी रोवणीची पहिली पेंडी, म्हणजे रोपांची जुडी, सोमारीनं हातात घेतली होती, पहिलं रोप तिनं लावलं होतं. संपलं! खचलेला बांध सुटला, जुना ट्रॅक्टर सुटला, मालक सुटला. दोष लागला सोमारीच्या हाताला. बाप्पा रे बाप्पा, नवरा तिचा मेला आणि अपशकुनी तीच!

तेव्हापासून पहिली पेंडी तिच्या हाती कुणी देत नसे. पहिली रांग दुसरी बाई लावी, मग सोमारीनं बांधीत उतरायचं आणि दिवसभर बाकीच्या रांगा लावायच्या. त्या मात्र तिच्याच हातच्या पाहिजेत, कारण तिच्याइतकं भराभर लावणारी दुसरी मिळत नव्हती. सोमारी यावर बोलत नसे. ती कशावरच फारसं बोलत नसे. गिरजाबाईंना ते दिसे, त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई, पण ज्या बाईचं भांडण आहे तीच तोंड उघडेना, तर त्यांनी भांडावं तरी कुणासाठी?

जूनमध्ये गरम टोपली झाली. मयुरीनं पोत्याखाली हात घातला तो काढेचना. मागची पोरं ढकलायला लागली तेव्हा कुठं काढला आणि दिवसभर वास घेत राहिली. मग बाईंनी पोरांना सांगितलं, "उद्या आपल्या आपल्या घरून मूठभर धान आणा. मूठ वाटेत उघडाची नाई. मातीतच उघडाची." हा खेळ पोरांना फार आवडायचा. दुसऱ्या दिवशी मुठी वळलेली पोरं दोन्ही हात सांभाळत आली, बोटं मातीत खुपसून त्यांनी मुठी उघडल्या, वरून माती ओढली आणि पाणी शिंपडलं. मयुरीनंही तसंच केलं. कुणी कुणाचं धान पाहिलं नाही, बाईंनीही नाही.

काही दिवसांनी करवंट्यांमधून हिरव्या सुया निघाल्या. पोरं नाचली. वामनरावांचा नातू विक्की तर आपली करवंटी डोक्यावर घेऊन फिरला. एका करवंटीतून मात्र काही निघालं नाही. मयुरी रोज सगळ्यांच्या आधी येई, पाणी घाली, तोंड मातीला लावून बघे. पाहायची करवंटी ती कोपऱ्यात पाठमोरी बसून उकरी आणि लगेच झाकून टाकी.

"तुह्यावालं नाई उगवत," विक्की एक दिवस म्हणाला. "माही आजी म्हणते, तुह्या आईचा हात खराब हाय. तुहाबी खराब हाय."

मयुरी रडली नाही. तिनं दोन्ही हात फ्रॉकमागं नेले. दुसऱ्या दिवसापासून ती अंगणवाडीत आलीच नाही.

विक्की पाच वर्षांचा. त्याच्यावर रागवण्यात अर्थ नव्हता, त्याच्या तोंडून सगळं घर बोलत होतं. गिरजाबाईंनी गुणाबाईंना विचारलं, "तुम्हाले वाटते का गुणाबाई, हाताचं काही असते?"

गुणाबाई कुणब्याच्या घरातल्या, भित्र्या पण मनानं साफ. त्या पातेलं घासत म्हणाल्या, "नाई वाटत. पण बाई, मंग एकट्या तिचंच काऊन नाई उगवलं?"

दुसऱ्याच्या करवंटीला हात लावायचा नाही हा बाईंचा स्वतःचा नियम. त्या दिवशी त्यांनी तो मोडला. मयुरीची करवंटी जमिनीवर उपडी केली. मातीतून फुगलेले, आंबूस वासाचे पांढरे दाणे पडले. तांदूळ होता. राशनचा, सोललेला, स्वच्छ तांदूळ.

बाईंनी एक दाणा उचलून उजेडात धरला. ज्याचं टरफल गिरणीत गेलं, ज्याचा कोंब तिथंच झडला, तो दाणा जन्मात उगवणार नव्हता. मयुरीनं रोज त्याला पाणी घातलं होतं. आणि हे झालं कुणामुळं? "आपल्या घरून धान आणा" म्हणणाऱ्या गिरजाबाईंमुळं. धानाच्या मुलखात कुणाच्या घरी धान नसेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांच्या! घरात ढोली भरल्यावर आईची रिकामी खोली विसरल्या होत्या त्या. त्या दिवशी बाईंनी पहिल्यांदा स्वतःला शिव्या घातल्या आणि त्या इतरांना घालायच्या त्यापेक्षा कमी नव्हत्या. मग उरलेल्या गावाला घातल्या. साऱ्या शिवाराची रोवणी जी करते, तिच्या घरात पेरायला मूठभर धान असू नये? आणि वरून तिचाच हात खराब?

संध्याकाळी त्या पदरात धान बांधून सोमारीच्या खोलीवर गेल्या. मयुरी दाराआड लपली.

"तुहा हात चांगला हाय व माय," बाई उंबऱ्यात बसून तिला म्हणाल्या. "बाईचंच चुकलं. तांदूळ उगवतच नाई. माह्या हातानं नाई, विक्कीच्या हातानं नाई. हे घे, हे उगवते. पाह्य करून."

सोमारी चुलीपाशी बसून हे ऐकत होती. ती काहीतरी बोलायला गेली आणि चुलीत लाकूड सारत राहिली. बाईंना वाटलं, तांदळाची लाज वाटत असेल. त्यांनी तो विषय वाढवला नाही.

मयुरी परत आली. नवी माती, नवं धान. या वेळी पाहायच्या करवंटीतून एक दिवस पांढरं मूळ निघालं, तेव्हा तिनं ते तळहातावर घेऊन प्रत्येकाला दाखवलं, विक्कीला तर दोनदा. ठेवायच्या करवंटीत रोप आलं. बाकीच्यांपेक्षा बुटकं, पण घट्ट. ती रोज रोपाशी बोलायची. गिरजाबाईंना वाटलं, निभावलं.

रोवणीचा दिवस आला. वामनरावांच्या बांधीत बाया उतरल्या होत्या, सोमारीही त्यांत. पहिली रांग नेहमीप्रमाणं दुसरीनं लावली होती आणि आता सगळ्या कंबरेत वाकून झपाट्यानं मागं सरत होत्या. पोरं करवंट्या सांभाळत रांगेनं बांधावर आली. वामनराव बिस्किटांची पिशवी घेऊन उभेच होते.

"या बापू, या. एकेकानं लावा." मग ते गिरजाबाईंच्या जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "बाई, ती एक करवंटी तेवढी बाजूले ठेवजा."

"कोनती?"

"तुम्हाले माहीत हाय. मले सोताले काही नाई वाटत. पण घरचे आयकत नाई. बांधीत त्या पोरीच्या हातानं पेरलेलं बी..."

"वामनभाऊ," गिरजाबाई म्हणाल्या. आवाज सगळ्या बांधीला ऐकू गेला. बाया वाकल्या जागी थांबल्या. "जोरानं बोला. लेकरायलेबी समजू द्या. कोनती करवंटी चालत नाई?"

"बाई, उगाच तमाशा..."

"तमाशा मी करून राह्यली? ह्या पोरीच्या मायनं सकाळपासून तुमच्या बांधीत किती रोप लावलं, पाहा. ते चालते. हे एवढुसं चालत नाई. माही माय मालकाच्या घरचं बी शिवली तं बाटे अन् त्याची सारी बांधी लावे तं चाले. इतकी वर्षं झाली, तेच! घरी फ्रिज आणला, टीव्ही आणला, पोरगं नागपूरले शिकाले ठेवलं, अन् बांधीत तेच! लाज नाई वाटत? तुमचाच ट्रॅक्टर होता, भाऊ, तुमचाच बांध खचला होता. तिचा हात कुठून आला मधात?"

वामनरावांचं तोंड उतरलं. त्या ट्रॅक्टरचं नाव गेल्या दोन वर्षांत त्यांच्यासमोर कुणी काढलं नव्हतं. मयुरी करवंटी छातीशी धरून उभी होती आणि एकदा बाईंकडं, एकदा चिखलातल्या आईकडं पाहत होती.

सोमारी सरळ उभी राहिली. हातातली पेंडी तिनं बांधावर नीट ठेवली. मग वळली, आपण लावलेल्या रांगेशी वाकली आणि पहिलं रोप उपटलं. दुसरं उपटलं. तिसरं. चिखल झटकून एकेक बांधावर मांडायला लागली.

"अवं, अवं! काय करून राह्यली?" वामनराव ओरडले.

"माह्या हातचं काढून देऊन राह्यली," सोमारी म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण कुणीच बोलत नसल्यानं सगळीकडं पोचला. "माह्या हाताले बोलले, मी आयकलं. पोरीच्या हाताले बोलाचं नाई, भाऊ. कोनतं कोनतं माह्या हातचं हाय, मले ओळखू येते. सारं काढून देते."

ती उपटत राहिली. पलीकडच्या रांगेतली एक म्हातारी बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वामनभाऊ, माहाबी नवरा नाई ना आता. माह्यावालंबी काढू का?" आणखी एक हसली, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. तीही विधवाच होती. त्या बांधीत नवरा नसलेल्या बाया काढून टाकल्या असत्या, तर रोवणी त्या वर्षी तशीच राहिली असती. बांधावर उपटून मांडलेलं रोप उन्हात मान टाकत होतं.

"राहू द्या!" वामनराव म्हणाले. "लाव माय, लाव तुह्यावालं. कुठीबी लाव. मी बोललोच नाई काही."

सगळे मयुरीकडं पाहायला लागले. मयुरीनं बांधीकडं पाहिलं, वामनरावांकडं पाहिलं आणि करवंटी आणखी घट्ट धरली.

"मी नाई लावत," ती म्हणाली. "माहं हाय हे."

आणि ती पाठ फिरवून अंगणवाडीकडं चालू लागली. गिरजाबाईंनी तिला थांबवलं नाही. तिनं ते रोप बोरिंगच्या नालीजवळच्या ओल्या मातीत स्वतःच्या बोटांनी लावलं आणि बाजूला बसून राहिली. बिस्किटं तिनं घेतली नाहीत. विक्कीनं तिच्या वाटची नेऊन दिली तेव्हा मात्र घेतली.

त्या संध्याकाळी गिरजाबाई अंगणवाडीला कुलूप लावत होत्या, तेव्हा सोमारी आली. पायांवरचा चिखल वाळलेला, हातात कापडाची लहान पुरचुंडी. मयुरी तिच्या पदराला धरून होती.

"बाई, एक खोटं झालं माह्या हातून," ती म्हणाली.

"काय व?"

तिनं पुरचुंडी सोडली. आत धान होतं. कापणीनंतर बांधीत पडलेल्या लोंब्या वेचून जमवलेलं, सरव्याचं. ढोलीभर नसेना का, पण धानच.

"हे घरी होतं. तेव्हाबी होतं. मयुरीनं मागतलं. पण माह्या हातानं देल्लं अन् उगवलं नाई, तं पोरीले काय सांगू? सारं गाव म्हणते. खरंबी असन, मले काय माहीत? म्हणून तिच्या मुठीत तांदूळ देल्ला." सोमारीनं मान खाली घातली. "तांदूळ तं कोणाच्याच हातानं उगवत नाई, बाई."

दोन वर्षं गिरजाबाई गावावर चिडल्या होत्या, कारण गाव सोमारीबद्दल असं बोलतं. सोमारीला ते खरं वाटत असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. ती गप्प बसून सोसते आहे असं त्यांना वाटत होतं आणि ती गप्प बसून मानत होती. लोकांनी एका बाईचं मन इतकं पोखरावं, की पोरीच्या मुठीत तिनं जाणून मेलेला दाणा ठेवावा? त्यांना ओरडावंसं वाटलं. पण ज्याच्यावर ओरडायचं असं समोर कुणी नव्हतं, होती ती फक्त सोमारी.

"कधी पेरलं हाय का तू?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाई. पेरते मालक. मी रोवते."

गिरजाबाईंनी कुलूप काढलं. आतून दोन करवंट्या आणल्या. मयुरीनं त्या त्यांच्या हातातून घेतल्या आणि आईसमोर मांडल्या.

"आई, ही पाहाची अन् ही ठेवाची. हिले हात लावाचा नाई. हिले लावाचा. मूठ मातीतच उघड."

सोमारीनं धान मुठीत घेतलं. जो हात चिखलात डोळ्यांना दिसू नये इतका भरभर चालायचा, तो मातीत जाऊन तसाच थांबला. मूठ उघडेना. मयुरीनं तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि एकेक उघडलं.

नंतर सोमारी रोज रोवणीला जाताना वाट वाकडी करून अंगणवाडीत यायची, पाणी घालायची आणि पाहायची करवंटी तशीच सोडून निघून जायची. उकरायची नाही. गुणाबाई म्हणाल्या, "अवं पाह्य ना, पाहासाठीच हाय ते." सोमारी नको म्हणायची. शेवटी एका सकाळी मयुरीनंच काडी घेऊन माती उकरली आणि एक दाणा आईच्या तळहातावर ठेवला. दाण्याचं टोक फुटलं होतं आणि त्यातून पांढरं मूळ निघालं होतं.

सोमारी कितीतरी वेळ बघत राहिली. बाहेर बायांनी हाका मारल्या, रोवणीला उशीर होत होता.

"उगवते व माय," ती म्हणाली. "माह्या हातानंबी उगवते."

गिरजाबाई पाठ फिरवून आत गेल्या आणि खिचडीचं पातेलं उगाचच आपटलं. गुणाबाईंनी विचारलं, आता आणखी कोणावर रागावल्या?